‘उकडा’ची शिट्टी आणि माझं गाऱ्हाणं

शिट्टी हा साउंडवाल्याचा जन्माचा वैरी. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माइकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर पडतो. माइक चुकून स्पीकरच्या तोंडासमोर आला, तर तोच आवाज फिरून माइकमध्ये शिरतो, परत स्पीकर, परत माइक, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्ख्या मांडवाच्या कानात कूंऽऽऽ. मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी थांबून तुमच्याकडे बघतात. भाषण ठोकणारा पुढारी थांबून तुमच्याकडे बघतो. कार्यक्रम रंगला तर गायकाचं नाव होतं, शिट्टी वाजली तर साउंडवाल्याच्या सात पिढ्यांचं.

मी रत्नागिरीत सगळा जन्म हाच धंदा केला. लग्नं, भजनं, नमन, सभा, क्रिकेटच्या मॅचा, सगळीकडे माझे बॉक्स वाजले. एवढ्या सगळ्यात शिट्टी होऊ न देणं हीच माझी कमाई. आणि दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई म्हणतात, बाकीचं राहू दे, तुम्ही ‘उकडा’वर लिहा. म्हणजे ज्या एका बँडने मला मुद्दाम शिट्टी मारायला लावली, ज्यांच्यापायी माझा डावा कान बसला, नेमकं त्यांच्यावर. त्यात गेल्या वर्षी दिगूच्या गळ्याचं ते सगळं झालं, त्यामुळे लिहिणं भागच आहे. घ्या.

दिगू म्हणजे ‘उकडा’चा गाणारा आणि गिटारवाला. पावसचा. घरची हापूसची बाग, तीच तो बघतो. पहिल्यांदा माझ्या पडवीत आला तेव्हा मी वायरी गुंडाळत बसलो होतो.

“काका, एकादा बाद झालेला अँप्लिफायर हाय काय?”

“चांगला आहे की. परवाच आणलाय.”

“चांगला नको. शिट्टी मारणारा पायजे.”

मला वाटलं हा दुपारीच लावून आलाय. जवळ जाऊन वास घेतला. प्यायलेला नव्हता. तेच वाईट. माझ्या विहिरीजवळच्या खोपटात एक जुना अँप्लिफायर पडला होता. शिट्टी मारतो म्हणूनच टाकलेला. तो त्याने कडेवर मूल घ्यावं तसा उचलून नेला आणि महिन्याभरात माझ्याकडे परत आला, आता पूर्ण बँड घेऊन.

बँड म्हणजे तिघं. दिगू, बाबल्या आणि नसीम. बाबल्या जयगडला बंदरावर क्रेन चालवतो आणि गावच्या नमनात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, मृदुंग वाजवतो. ह्यांच्या रॉकमध्ये ड्रम नाहीत, मृदुंगच आहे, आणि तो गिटारच्या कर्कश्यात ऐकू आला पाहिजे ही जबाबदारी अर्थात माझी. नसीम बँकेत नोकरीला, बेस गिटार वाजवते. तिघांत डोकं ठिकाणावर असलेली ती एकटी. पहिल्याच दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “काका, हे दोघं जे सांगतील त्याच्या निम्मंच करा.” तेवढ्या एका वाक्यावर मी काम घेतलं.

नावाचं विचारलं तर दिगू म्हणाला, “पाव्हण्याला उकड्या तांदळाचा भात पयल्या घासाला आवडत नाय. पेजेची गोडी लागली की मग जायचं नाव घेत नाय.” अगदी तसंच झालं म्हणा. रत्नागिरीत कोणाला विचारलंत तर ‘उकडा? वाण्याकडे मिळेल’ म्हणतील. पण पुण्याहून, बेंगळुरूहून पोरं-पोरी गाड्या करून यायची. काळे बनियन, त्यावर तांदळाचा दाणा छापलेला. हे लोण कसं पसरलं देव जाणे, कारण ह्या महाभागांनी एक गाणं कधी रेकॉर्ड केलं नाही. दिगूचं म्हणणं, ताजे मासे सोडून खारवलेले कशाला खायचे. मी म्हटलं, अरे पावसाळ्यात सुक्यावरच जगतोस ना? तर हसला आणि विषय बदलला.

जगातले रॉकवाले संध्याकाळ करून, धूर सोडून, दिवे नाचवून वाजवतात. हे वाजवणार दुपारी चारला, सड्यावर, उघड्या कातळावर. का? तर बाबल्याची पहाटेची पाळी असते. लोक छत्र्या घेऊन रॉक ऐकायला बसलेले मी पाहिलेत. दिगू प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहणार. का? तर गिटार बॉक्सच्या तोंडाशी धरल्याशिवाय शिट्टी येत नाही. आणि कार्यक्रम सुरू होणार तो गाऱ्हाण्याने. आमच्याकडे कुठल्याही कार्याला, पालखी निघताना, नांगर धरताना, देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला हाका मारून काय हवं-नको ते सांगायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. देवासमोर ठीक आहे हो. पण हा अँप्लिफायरसमोर नारळ ठेवून घालायचा. “बा देवा म्हाराजा! आज लाइट जाऊ देऊ नको रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “वसंतकाकाच्या जनरेटरला सुबुद्धी दे रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” काळे बनियनवाले जीव तोडून ओरडायचे. माझ्या जनरेटरची अशी जाहीर अब्रू जायची. पण गाऱ्हाण्याशिवाय ‘उकडा’चा एक सूर कधी निघाला नाही, हा त्यांचा नेम.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘पंप’. विहिरीवरचा पंप पाणी धरत नाही, एवढाच विषय. 

धर रे पंपा, पाणी धर
नायतर माझा पंचनामा कर

दोन ओळी. गाणं किती वेळ चालणार? तर पाणी धरेपर्यंत. आणि पाणी कधी धरणार? शिट्टी येईल तेव्हा. दिगू गिटार घेऊन त्या बॉक्ससमोर पुढेमागे होणार, गुडघ्यावर बसणार, बॉक्सला कान लावणार, आणि मग कधीतरी ती लांब शिट्टी निघाली की पब्लिक ‘पाणी आलं’ म्हणून उड्या मारणार. मी मिक्सरवर. प्रत्येक वाद्याच्या आवाजाला एक सरकती कळ असते, तिला फेडर म्हणतात. वर सरकवली की आवाज वाढतो. शिट्टी ऐकली की माझं बोट आपोआप फेडर खाली ओढायचं. नसीम लांबून डोळे वटारायची, मग मी हात काढायचो. अहो, स्वयंपाकीणबाईला सांगा ना, भात मुद्दाम करपवा. तिचा हात धजेल का?

आरे-वारेच्या वर एक नवं रिसॉर्ट झालं. त्याच्या मालकाने उद्घाटनाला ‘काहीतरी कोकणी ठेवा’ म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून ह्यांना बोलावलं. त्याला वाटलं दर्यागीतं असतील. खुर्च्यांवर मुंबईची मंडळी, हातात सोलकढीचे ग्लास, समोर समुद्र. दिगूने पाहुण्यांकडे पाठ केली, देवाला सांगितलं की ह्या हाटेलाच्या विहिरीला खारं पाणी लागू देऊ नको, आणि ‘पंप’ सुरू केला. त्या दिवशी पाणी काही केल्या धरेना. वारा समुद्रावरून होता की काय, गिटार कुठेही धरली तरी शिट्टी येईना. पाहुणे एकेक करून उठले. मालक लाल होऊन धावत आला तो कोणाकडे? माझ्याकडे.

“बंद करा ते!”

“मी कसं बंद करू? पाणी यायचंय अजून.”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. माझ्या! मला माझीच लाज वाटली. आणि बरोबर त्याच वेळेला अशी काही शिट्टी निघाली की मालकाच्या हातातला ग्लास खाली. बाबल्या मृदुंगावर थाप मारून ओरडला, “धरलान!” स्वयंपाकघरातले दोन आचारी तेवढे टाळ्या वाजवत होते.

ह्या लोकांचं भलं करायला गेलं की आपलंच तोंड पोळतं. मुंबईहून एक गृहस्थ आले, मोठमोठे कार्यक्रम भरवणारे. ‘उकडा’ ऐकून येडे झाले होते. हजारोंच्या पुढे वाजवायला बोलावत होते. माझ्या पडवीत बैठक. तारीख सांगितली तर बाबल्याने बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. “शिमगा हाय. त्या दिशी पालखी आमच्या वाडीत.”

गृहस्थ हसून म्हणाले, “पालखी एक दिवस पुढे ढकलता येणार नाही का?”

दिगू छपराकडे बघायला लागला. शेवटी नसीम म्हणाली, “साहेब, चहा घ्या, गार होतोय.” तिचीसुद्धा मान ‘नाही’च म्हणत होती. वर्षभर मुंबईत राबणारा चाकरमानी शिमग्याला नोकरीवर लाथ मारून घरी येतो, आणि हा घरचा माणूस पालखी दारात असताना मुंबईला जाईल? मलाही कळत होतं ते. तरी गृहस्थ गेल्यावर मी तिघांवर बोंबललो. “करंट्यांनो, लक्ष्मी टिळा लावायला आली नि तुम्ही तोंड धुवायला गेलात!” दिगू शांतपणे म्हणाला, “काका, मागच्या बारीला मॉनिटर कमी होता.”

हे मॉनिटरचं समजून घ्या. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून एक छोटा बॉक्स ठेवतात, तो मॉनिटर. जगातल्या कुठल्याही कलाकाराला विचारा, मॉनिटर कमीच असतो. दिगू तर प्रत्येक कार्यक्रम संपला की पहिलं वाक्य हेच बोलायचा. पाणी पिणार नाही, घाम पुसणार नाही. “काका, मॉनिटर कमी होता.” वर्षानुवर्षं. मी मॉनिटर वाढवला, बदलला, दोन ठेवले. तरी कमीच. एकदा मी रागाने म्हटलं, तुला मेल्यावर शेजारी मॉनिटर ठेवून जाळतो. तर म्हणाला, तो पण कमी ठेवशील.

आता गळ्याचं.

मी मिक्सरवर प्रत्येक फेडरशेजारी कागदी चिकटपट्टीवर खूण करून ठेवतो. दिगूच्या गळ्याची खूण सुरुवातीपासून एकाच जागी होती, त्याचा आवाजच दणदणीत. मग एका हंगामात मला फेडर खुणेच्या वर सरकवावा लागला. पुढच्या खेपेला आणखी वर. मी त्याला सांगितलं, दिगू, आवाज बसतोय तुझा, दाखवून घे.

“तुझा माइक म्हातारा झालाय, काका.”

मी नवा माइक आणला. चांगल्यातला आणला. त्यावरही तेच. “ह्यो पण बिघडका निघाला,” म्हणाला. मी डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं होतं. नसीमला फेडर दाखवला, खूण दाखवली. तिने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि त्याला गाडीत घालून कोल्हापूरला नेलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, देवाची कृपा. पण डॉक्टर म्हणाले, जिवाची काळजी नाही, आवाज कितपत परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. आधी पूर्ण मौन, मग हळूहळू बोलून बघायचं.

मौनाचे दिवस संपले. दिगूने तोंड उघडलं तर नुसती हवा. पंक्चर काढताना ऐकू येते तशी. पुढच्या महिन्यातही तेच. मी भेटायला पावसला गेलो तर बागेत एका कलमाखाली बसलेला, मांडीवर भाच्याची पाटी. गिटार माळ्यावर टाकलेली. मी सड्यावरच्या कार्यक्रमाचा विषय काढला. दरवर्षी थंडीत पावसच्या सड्यावर ‘उकडा’चा कार्यक्रम व्हायचाच, पोरं बाहेरगावाहून निघायच्या तयारीत होती. दिगूने पाटीवर लिहिलं, ‘संपलं.’

मला असा राग आला! “संपलं म्हणजे? माझा कान गेला तुझ्यापायी, तो देऊन टाक मग! गाता येत नसेल तर वाजव. हात तर आहेत ना?” त्याने ते पुसलं आणि लिहिलं, ‘गाऱ्हाण्याशिवाय नाय.’ आणि पाटी उलटी घातली. गाऱ्हाणं आजवर त्यानेच घातलेलं. मी तिथून निघालो आणि टेम्पोत बसून रडलो. खोटं कशाला बोलू. मॉनिटरबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं.

नसीमला सांगितलं. ती म्हणाली, “मग काका, गाऱ्हाणं तुम्ही घालायचं.”

“मी? मी जन्मात ‘हॅलो, चेक’च्या पुढे माइकवर बोललो नाही.”

“मग आता बोला. नेम मोडत नाही म्हटल्यावर त्याला यावंच लागेल.”

बाबल्या जाऊन दिगूला पाटीसकट अक्षरशः उचलून घेऊन आला. माळ्यावरची गिटार नसीमने आणली. दिगू आला, पण स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून बसला, हाताची घडी. गिटार जुन्या अँप्लिफायरला जोडून तशीच टेकवून ठेवलेली. तिच्याकडे तो बघेना. समोर छत्र्यांचा बाजार भरलेला. सगळ्यांना कळलं होतं, म्हणून कोणी ओरडत नव्हतं. रॉकच्या कार्यक्रमाला एवढी शांतता मी मयतालाही पाहिलेली नाही.

मी मिक्सर सोडून पुढे गेलो. नारळ ठेवला. माइक हातात घेतला. पाठ केलेलं सगळं विसरलो. दिगूकडे बघितलं. तो घडी घालून बसलेला तसाच. आणि ते बघून माझं डोकं फिरलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दबकत दबकत आलं.

“आज तुझी लेकरां ह्या सड्यावर जमली हायत. लांबलांबसून आली हायत. उन्हात काळे कपडे घालून बसली हायत. त्यांना अक्कल दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हशा झाला, आवाज मोठा झाला.

“ह्यो दिगू. ह्याने माझ्याकडून बाद अँप्लिफायर नेलान, माझ्या चांगल्या धंद्याला शिट्टी लावलान. मुंबयच्या साहेबाला चहा पाजून परत पाठवलान. चांगल्या माइकला बिघडका म्हणालान. गळा बसतोय म्हणून सांगून माझा गळा बसला, ऐकलान नाय. आणि आता म्हणतो संपलं! त्याला जरा शरम वाटू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” छत्र्या हलायला लागल्या. दिगूने मान वर केली होती.

“ह्याचा आवाज तुझ्याकडे ऱ्हायलाय. तो त्याला परत दे. पुरा देत नसशील तर अर्धा दे. फाटका असेल तर फाटका दे, मी फेडर वर करीन, माझं कामच हाय ते. पण ह्याला असा गप्प बसवू नको रे म्हाराजा. आमाला सवय नाय रे.” इथे माझाच आवाज गेला. मला वाटतं मी नुसता ‘म्हाराजा’ म्हणालो.

‘व्हय म्हाराजा’ एवढ्या जोरात आलं की माझ्या हातातला माइक थरथरला.

बाबल्याने वाट बघितली नाही, मृदुंगावर ‘पंप’चा ठेका धरला. नसीम मागून आली. गाणारं कोणी नव्हतं, तर समोरून सुरू झालं, ‘धर रे पंपा, पाणी धर.’ प्रत्येक जण वेगळ्या चालीत, कारण दिगूने दोनदा एकसारखं कधी गायलंच नव्हतं. नुसता गोंधळ. मिक्सरवर जायच्या आधी मी स्टेजवरचे माइक उचलून पब्लिकच्या पुढ्यात ठेवले. ते स्पीकरच्या तोंडासमोर येतात, ही ह्या धंद्यातली सगळ्यात मोठी घोडचूक, शिकाऊ पोरगाही करणार नाही. मी केली. ‘धर रे, धर रे.’ पाणी काही धरत नव्हतं. बाबल्याच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि तो एकसारखा खुर्चीकडे बघत होता.

मग दिगू उठला. कंटाळल्यासारखा उठला, जसं काही ह्या लोकांना साधा पंपही चालवता येत नाही. गिटार गळ्यात घातलान. आमच्याकडे पाठ केलान. त्या जुन्या बॉक्ससमोर जाऊन उभा राहिला, एक पाऊल पुढे, अर्धं मागे, मान वाकडी करून ऐकत. आणि शिट्टी निघाली.

आधी बारीक, मग चढत गेली. सगळा सडा ‘पाणी आलं’ म्हणून उभा राहिला. माझं बोट सवयीने गिटारच्या फेडरवर गेलं. नसीमने बघितलं, पण ह्या वेळी डोळे वटारायची गरज पडली नाही. मी फेडर वर सरकवला. दिगूच्या गळ्याची जुनी खूण होती त्याहीपेक्षा वर. डाव्या कानात जे काही शिल्लक होतं ते तिथेच संपलं असणार, संपू दे.

कार्यक्रम झाला. लोक स्टेजवर चढले, कोणी रडत होतं, कोणी दिगूच्या पाया पडत होतं. तो त्यांच्यातून वाट काढत सरळ माझ्याकडे आला. घाम पुसला नाही, पाणी घेतलं नाही. हाताने खूण करून बाबल्याकडून पाटी मागून घेतली. मिक्सरवर टेकवून मोठ्या अक्षरात लिहिलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

‘मॉनिटर कमी होता.’

मी त्याला तिथेच, सगळ्यांच्या देखत, पोटभर शिव्या घातल्या.